हात वर दिसला की थांबायचं

माझे धाकटे दीर कारखान्यात क्रेन चालवत. क्रेन म्हटलं की लोकांना रस्त्याकडेला उभी असलेली, लांब मानेची पिवळी गाडी आठवते. ही तशी नव्हती. शेडच्या छपराखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लोखंडी पूल होता. तो दोन रुळांवरून शेडच्या लांबीभर पुढेमागे जाई. त्या पुलाला खालून काचेची एक केबिन टांगलेली, आमच्या न्हाणीघराहूनही लहान. आत एक खुर्ची आणि खुर्चीच्या दोन्ही बाजूंना दांडे. भिंतीला लावलेल्या उभ्या शिडीने सकाळी वर चढायचं, ते जेवणाच्या सुट्टीलाच उतरायचं. खाली ओतीव लोखंडाची धुडं पडलेली असत. त्यातलं कुठलंही उचलून कुठेही ठेवायचं तर ते वर बसलेल्या या एका माणसाच्या हाती.

म्हणून कारखान्यात सगळे त्यांना ‘वरचा’ म्हणत. ‘वरच्याची मर्जी’, ‘वरच्याच्या मनात आलं तर आज होईल’, ‘वरचा जेवायला गेलाय, आता बसा हातावर हात ठेवून’, अशी थट्टा रोज चाले. भावजींना ती आवडे. घरी सासूबाई कधी चिडून ‘वरचा सगळं बघतोय हो’ म्हणाल्या, की ते तोंडातल्या घासासकट म्हणत, ‘नाही गं आई, आज सुट्टी आहे मला.’

वर बसलेल्याला खालचं सगळं दिसत नाही. ओझ्याच्या पलीकडे कोण उभं आहे, साखळी नीट बसली आहे का, हे खालचा माणूस बघतो आणि हातांनी इशारे करतो. भावजींचा हा खालचा माणूस म्हणजे त्यांचा जिवाभावाचा मित्र. तोंडात दोन बोटं घालून तो अशी शिट्टी मारायचा की यंत्रांच्या गोंगाटातही ती वरपर्यंत पोहोचे, म्हणून त्याचं नावच ‘शिट्टी’ पडलेलं. बोट वर करून फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की उतरव, मूठ मिटली की आहे तिथेच धर. वरच्याने फक्त आपल्या माणसाचे इशारे पाळायचे; साहेब स्वतः येऊन हातवारे करू लागला तरी त्याच्याकडे बघायचं नाही. याला अपवाद एकच. दोन्ही हात वर करून कुणीही हलवले की थांबायचं. मग तो झाडूवाला असो, नाहीतर फाटकातून चुकून आत आलेला पाहुणा.

भावजींना काम शिकवणारा म्हातारा उस्ताद या एका नियमाबाबत फार कडक होता. भावजी नवे असताना पलीकडच्या शेडमध्ये एका झाडूवाल्याने हात वर केले होते. वर बसलेल्याला वाटलं, हा कोण मला थांबवणारा. साखळी एका बाजूने निसटली होती. ती फक्त त्या झाडूवाल्याला दिसत होती, आणि ओझ्याखाली एक फिटर वाकून काम करत होता. तो वाचला नाही. त्या दिवशी उस्तादाने भावजींना तिथे नेऊन धुतली जाणारी जमीन दाखवली आणि म्हणाला, ‘हात वर दिसला की थांब. कुणाचा, कशाला, ते नंतर.’

भावजींनी हे इतकं अंगी बाणवलं की लोक हसत. एकदा चहा आणणाऱ्या माणसाने दूरच्या मित्राला हाक मारायला दोन्ही हात वर केले, तर यांनी मोठं चाक अधांतरी थांबवून ठेवलं. ‘चहावाल्यानं हात केला की वरचा थांबतो,’ म्हणून आठवडाभर चिडवणं झालं. भावजी म्हणाले, ‘त्यानं माशी हाकलायला हात वर केला असता तरी थांबलो असतो.’ त्यांची सगळी पत या थांबण्यावर उभी होती. त्यांच्या ओझ्याखाली कधी कुणाचं बोटही चेमटलं नाही.

पहिला झटका त्यांना वरच आला. हे त्यांनी मला पुढे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, ते इथे सलग लिहिते आहे. एका मोठ्या पंपाचं कवच हुकाला होतं आणि क्रेन शेडच्या मध्यावर होती. आदल्या रात्री झोप बरी झालेली, सकाळी न्याहारी झालेली, घरात भांडण नाही, डोक्याला काही ताप नाही. एकाएकी हात गार पडले. काळीज असं धडधडू लागलं की खुर्ची हलते आहे असं वाटलं. घसा आवळला. समोरची काच लांब गेली, खालची माणसं चित्रातल्यासारखी झाली, आणि मनात एकच वाक्य उरलं: मी आता मरतो आहे, आणि मी मेलो की हे खाली पडेल.

त्यांनी क्रेन थांबवली. खालून शिट्टी बोटाने ‘चल पुढे’ दाखवत होता. त्यांनी मान हलवली, खालच्या मोकळ्या पट्ट्यात कवच उतरवलं, धक्का न देता, सरळ. मुख्य बटण बंद केलं. आणि मग केबिनच्या जमिनीवर बसून खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी धरला. शिट्टी वर चढला तेव्हा ते हात सोडवताना त्याच्या नाकी नऊ आले. कमरेला दोर बांधून, एकाने खालून एकेक पाऊल हाताने शिडीच्या दांडीवर ठेवत, त्यांना उतरवलं. शेडमधलं काम बंद पडलं होतं. सगळे माना वर करून बघत होते.

इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या. तरुण डॉक्टर हसत बाहेर आला. ‘हृदय एकदम ठणठणीत आहे. काहीही झालेलं नाही.’

‘काही नाही म्हणजे उत्तमच की!’ आमचे हे म्हणाले. धाकट्या जावेच्या जिवात जीव आला. ती तिथेच रडली आणि लगेच नवऱ्याला ओरडलीसुद्धा, ‘केवढं घाबरवलंत!’ भावजी छताकडे बघत पडले होते. मी पाणी द्यायला गेले तेव्हा हळूच म्हणाले, ‘वहिनी, काही नाही झालं, तर मग ते काय होतं?’

त्या काळी आमच्या घरात या आजाराचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं.

विश्रांती घेऊन ते कामावर गेले. शिडीच्या चार दांड्या चढले, थांबले आणि उतरले. दुसऱ्या दिवशी दोन दांड्या. मग शिडीकडे जाताना वाटेतच. साहेब भला माणूस. त्याने वर तात्पुरता दुसरा माणूस बसवला, ‘तुझी जागा तुझीच आहे’ म्हणाला, आणि बरं वाटेपर्यंत भावजींना हत्यारांच्या खोलीत बसवलं. तिथे खिडकीतून पाने, हातोडे, छिन्न्या द्यायच्या, बदल्यात कामगाराचा पितळी बिल्ला घेऊन खिळ्याला अडकवायचा, हत्यार परत आलं की बिल्ला परत. एका दीडशहाण्याने पहिल्याच दिवशी ‘काय रे, वरच्याचा खालचा झाला का?’ म्हटलं. शिट्टीने त्याच्या कानाखाली आवाज काढला. पण शब्द बोलला गेला तो गेलाच.

तेव्हापासून पुढची कैक वर्षं भावजींना एकच गोष्ट हवी होती: परत वर जाणं. घरात कुणी काही बोललं तरी त्यांचं बोलणं शेवटी त्या शिडीपाशी येऊन थांबे.

आणि इकडे खालचं जग आवळत चाललं होतं. गर्दीच्या बसमध्ये झटका आला, बस सुटली. बँकेच्या रांगेत आला, रांग सुटली. जिन्यात आला, जिने सुटले. एकदा केस कापायला बसले असताना, मानेभोवती कापड गुंडाळलेलं, न्हावी एका कानामागे पोहोचलेला. हे उठले आणि कापडासकट चालत घरी आले. अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच. मागोमाग न्हावी धावत आला, ‘अहो, निदान कापड तरी द्या!’ जावेने शिवणाच्या कात्रीने उरलेले केस कापले. कापता कापता दोघंही हसली, आणि मग तिने कात्री टेबलावर आपटली.

‘लोकांचे नवरे दारू पितात, बाहेर भानगडी करतात,’ ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, ‘ते निदान चार बायकांत सांगता तरी येतं. मी काय सांगू? माझ्या नवऱ्याला काय झालंय? जिना झालाय? न्हावी झालाय?’

तिचं बोलणं तिखट, पण तिनेच त्यांच्यासाठी आयुष्य वाकवलं होतं. आम्ही दोघी जावा तळमजल्यावर शेजारी शेजारी राहत होतो. भावजींना एकटं म्हणून सोडायचं नाही असा अलिखित नियमच झाला. बाहेर जाताना कुणीतरी बरोबर, पाण्याची बाटली, खिशात साखरेची पुडी. बसायला दाराजवळची जागा. जिथे त्यांना त्रास होईल तिथलं बोलावणं आम्ही परस्पर नाकारत होतो. प्रेमापोटी आम्ही त्यांच्या आजाराला पायघड्या घातल्या. तो निवांत घरात शिरला आणि पसरला.

आणि मग सासूबाई आजारी पडल्या.

त्यांना इस्पितळात चौथ्या मजल्यावर ठेवलं होतं. भावजी रोज यायचे. स्कूटर लावायचे आणि आवारातल्या बाकावर बसायचे. लिफ्टचं तर नावच नको, आणि जिन्याने पहिल्या वळणापर्यंत जाऊन परत येत. कधी दोन वळणं. आम्ही वर जाऊन सांगायचो, ‘भावजी आलेत, खाली स्कूटर लावताहेत.’

सासूबाईंचा आवाज शेवटी अगदी क्षीण झाला होता, पण जीभ शाबूत होती. एका दुपारी त्या मला म्हणाल्या, ‘सूनबाई, किती दिवस लावतोय गं तो स्कूटर? जागा मिळेना का?’

मी खिडकीपाशी गेले. खाली बाकावर ते बसले होते, वर बघत. मी हात हलवला. त्यांनीही हलवला. सासूबाईंना उठवून खिडकीशी आणणं शक्य नव्हतं. ‘दिसतायत बरं का,’ एवढंच मी म्हटलं.

शेवटच्या दिवशी आमचे हे खाली गेले. ‘चल, मी हात धरतो. डोळे मिटून चल.’ दोघे भाऊ दुसऱ्या मजल्यापर्यंत आले. तिथे भावजींचा श्वास अडकला, ओठ पांढरे पडले, कठडा धरून ते खाली बसले आणि मग बसल्या बसल्या एकेक पायरी उतरू लागले, लहान मूल उतरतं तसे. हे धावत वर आले. तोवर फार वेळ उरला नव्हता. सासूबाई दाराकडे बघत गेल्या. धाकट्याची वाट बघत होत्या की नुसत्याच बघत होत्या, हे मी कधीच ठामपणे म्हटलं नाही. पण भावजींनी ते मला अनेकदा विचारलं.

सगळं आटोपून घरी आल्यावर यांच्या तोंडून गेलं, ‘टनावारी लोखंड डोक्यावरून नेणारा तू, आणि आईसाठी तुला चार मजले...’

पुढचं ते गिळून बसले. भावजी म्हणाले, ‘दादा, वाक्य पुरं कर ना.’

यांनी केलं नाही. उठून गेले. त्यानंतर दोघे भाऊ बोलत, पण कामापुरतं.

तेव्हा कुठे भावजी मनाच्या डॉक्टरांकडे जायला तयार झाले. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना नेमका दुसऱ्या मजल्यावर. मी बरोबर गेले होते. जिन्यातून परत फिरून ते आवारात उभे राहिले, तेव्हा मी वर जाऊन सांगितलं. बाई चष्मा पुसत खाली आल्या आणि सरळ पायरीवर बसल्या.

‘आज मी खाली आले,’ त्या म्हणाल्या. ‘पुढच्या वेळी पहिल्या वळणावर भेटू. तिथून पुढे मी येणार नाही, सांगून ठेवते. माझेही गुडघे दुखतात.’

त्यांनीच आम्हांला आजाराचं नाव सांगितलं. शरीर धोका नसताना धोक्याची घंटा वाजवतं, ती भयंकर वाटते पण जीव घेत नाही, आणि आपण दर वेळी पळालो की शरीराला पटतं की धोका खराच होता. गोळ्या दिल्या. सुरुवातीचे काही आठवडे गोळ्यांनी बेचैनी उलट वाढेल, मग उतरेल, हेही सांगितलं, आणि झालंही तसंच. पण खरं काम गोळ्यांचं नाही, जिन्याचं, असं त्या म्हणाल्या. झटका आला की थांबायचं नाही, उतरायचं नाही. भीत भीत का होईना, जे करत होता ते करत राहायचं.

भावजी इथे उसळले. ‘हे मला जमणार नाही.’

‘अवघड आहे, मला...’ बाई म्हणू लागल्या.

‘अवघड नाही. चूक आहे. थांबायचा इशारा मिळाला आणि थांबलो नाही, तर माणूस मरतो. मी बघितलंय.’

बाईंनी विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं. उस्ताद, झाडूवाला, धुतलेली जमीन. ऐकून बाई म्हणाल्या:

‘म्हणजे इतकी वर्षं तुमचं शरीर हात वर करतंय आणि तुम्ही इमानानं थांबताय.’

‘अर्थात.’

‘पण खालचा माणूस काहीतरी बघून हात वर करतो. तुमचं शरीर काय बघून करतं?’

‘ते वरच्यानं विचारायचं नसतं.’

‘क्रेनवर नसेल,’ बाई म्हणाल्या. ‘इथे, या जिन्यावर, विचारायचं.’

घराच्या फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, ‘वहिनी, ही बाई मला बेइमान व्हायला सांगते आहे.’

तरी ते गेले. जावेला बरोबर नेण्याची सोय नव्हती. त्यांचा चेहरा बदलला की ती वर धावायची. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी खालच्या पायरीशी उभं राहायचं. बाटली नाही, साखर नाही, आणि ‘बरं वाटतंय का?’ विचारायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत कठीण. वरून त्यांच्या श्वासाचा आवाज यायचा, करवत चालल्यासारखा. एकदा त्यांनी वरून विचारलं, ‘वहिनी, मेलो तर?’ मी बाईंचं उत्तर दिलं. बाईंनी सांगून ठेवलं होतं, ‘तर डॉक्टरीण चुकली म्हणायचं.’ वरून एक विचित्र आवाज आला. बऱ्याच वेळाने कळलं की ते हसले होते.

हे वाचणाऱ्या कुणाला वाटेल की मग चढत चढत ते बरे झाले. तसं नसतं. महिनाभर पुढे, मग एका सकाळी पुन्हा दाराबाहेर पाऊल नाही. कधी दवाखान्याच्या दारापर्यंत गेले, पुढच्याच वेळी पहिल्या वळणावरून परतले. त्यात आमचे हे गेले. झोपेत, घरीच. दोघा भावांतलं ते वाक्य अर्धंच राहिलं. भावजी खोलीबाहेर पडेनासे झाले, अंघोळ सोडली, वजन उतरलं. माझंच मन ठिकाणावर नव्हतं, तरी काही महिन्यांनी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, ‘भावजी, मला घरात बसवत नाही. जिन्यावर चला.’ ते आले. पहिल्या पायरीवर पाय ठेवून म्हणाले, ‘परत पहिलीपासून.’ मी म्हटलं, ‘हो.’ दुसरं काय म्हणणार?

जिने झाले, लिफ्ट झाली, बस झाली. न्हाव्याच्या खुर्चीत पूर्ण वेळ बसून आले तेव्हा न्हाव्याने वर्षांपूर्वीच्या कापडाची आठवण काढली. झटके येत होते. पण झटका आला म्हणून आता काही सुटत नव्हतं. मग एका उन्हाळ्यात ते कारखान्याच्या शिडीला लागले. साहेबाच्या परवानगीने, सुट्टीच्या वारी, क्रेन बंद असताना. खाली शिट्टी, तोंडाला कुलूप लावून. तेही त्याला जड गेलं.

ज्या दिवशी त्यांनी पुन्हा क्रेन चालवून दाखवली त्या दिवशी मी तिथे नव्हते. शिट्टीने आणि भावजींनी वेगवेगळं सांगितलं ते जुळवून लिहिते.

शेड रिकामी होती. साहेब, शिट्टी आणि तात्पुरता म्हणून इतकी वर्षं वर बसलेला माणूस, एवढेच. भावजी वर गेले. रिकामा हूक शेडभर फिरवून आणला. मग शिट्टीने वजनाचा एक ओतीव ठोकळा अडकवला आणि बोट वर करून फिरवलं. ठोकळा उचलला गेला, पुढे निघाला, आणि बरोबर मध्यावर आल्यावर त्यांना झटका आला. खालून शिट्टीला दिसलं. ‘तोंड पांढरंफटक,’ तो म्हणाला. ‘मी म्हटलं, गेला. माझे हात वर जायला लागले होते हो वहिनी, मी ते खिशात कोंबले.’

क्रेन थांबली नाही. ठोकळा त्याच गतीने पुढे गेला आणि जमिनीवर खडूने काढलेल्या चौकोनात उतरला. एक रेघही पुसली गेली नाही. शिट्टीने अशी शिट्टी मारली की फाटकावरचा पहारेकरी धावत आला.

भावजी शिडीवरून एकटे उतरले. कपडे घामाने चिंब. साहेबाने हात पुढे केला, ‘मग उद्यापासून?’

‘नाही साहेब,’ भावजी म्हणाले. ‘जागा याला द्या. कायमची.’

कुणाला वाटलं थट्टा आहे. शिट्टीने त्यांची कॉलर धरली. ‘अरे, आत्ता करून दाखवलंस ना? डोळ्यांदेखत?’

‘मध्ये थांब आला होता. मी थांबलो नाही.’

‘कुणी दिला थांब? मी? मी तर हात खिशात घातले होते!’

‘तू नाही. आतून आला. पण मला तो आधी ओळखावा लागला, हा आतला की बाहेरचा. तेवढ्या वेळात ओझं पुढे गेलं. इतकी वर्षं मी हेच शिकलोय ना, थांब आला तरी चालत राहायचं? जिन्यावर ते बरोबर आहे. वर बसून ज्याला विचार करावा लागतो, त्याच्याखाली मी उभा राहणार नाही. तू राहशील?’

‘राहीन!’ शिट्टी ओरडला.

‘तू राहशील रे. तू गाढव आहेस.’

घरी जावेने ऐकलं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. इतकी वर्षं ती या एका दिवसासाठी थांबली होती. ‘भ्यालात म्हणून सांगा,’ ती म्हणाली. ‘नियमाचं नाव का पुढे करता?’

भावजींनी वाद घातला नाही. बाईंनीही त्यांना तेच विचारलं होतं, जरा सौम्यपणे: ‘हे तुम्ही बोलताय की भीती बोलते आहे?’ भावजी म्हणाले, ‘मला सांगता येत नाही.’ मग बाईंनी सुचवलं की निदान पळ काढल्यासारखं नको. काही दिवस सुट्टीच्या वारी वर जा, बसा, आणि मग ठरवा. ते गेले. रिकाम्या शेडवर, बंद क्रेनमध्ये, तासन्‌तास बसले. कधी झटका आला, कधी नाही. दोन्ही वेळा ते आपल्या वेळेवर उतरले. आणि तरीही उत्तर तेच राहिलं. साहेबाने त्या तात्पुरत्या माणसाला कायम करण्याचा हुकूम काढला.

मला विचाराल तर ते बरोबर होते की नाही, मी सांगू शकत नाही. जावेचं खरं असेल. भावजींचं खरं असेल. बाईंच्या मते दोन्ही थोडं थोडं खरं होतं. मला एवढं दिसलं की ज्या आशेवर ते एकेक पायरी चढले ती चढून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने खाली ठेवली, आणि नंतर कित्येक दिवस ते जेवणाच्या ताटावर नुसते बसून असत.

शिट्टीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. हत्यार हवं असलं तरी दुसऱ्याला पाठवायचा. एके दिवशी मात्र तो स्वतः खिडकीशी येऊन उभा राहिला. भावजींनी मला हे सांगितलं तेव्हा दोघांचेही आवाज काढून दाखवले.

‘काय हवंय?’

‘पाना.’

‘कितीचा?’

‘तुझ्या डोक्यात बसेल असा.’

‘तेवढा मोठा नाही. चोवीसचा चालेल?’

‘दे.’ शिट्टी जरा वेळ खिडकीचा कट्टा नखाने खरवडत राहिला. ‘आताच्या वरच्याचा हात इतक्या वर्षांनीही जडच आहे. ओझं झोके खातं. माझ्या छातीत कळ येते बघताना.’

‘शिकेल.’

‘तू असतास तर...’

‘बिल्ला दे,’ भावजी म्हणाले.

शिट्टीने बिल्ला कट्ट्यावर ठेवला. भावजींनी तो उचलून खिळ्याला अडकवला, पाना पुसला आणि खिडकीतून बाहेर दिला.